एकट्याचा माल आणि परक्याची पेठ



चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, कंत्राटी कामगार किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी ऐकायला मिळेल अशी असावी. आम्ही विषय सांगितला तो असा : मोबाइलवरचे ॲप एकट्याने बनवणारा माणूस आपला माल खपवतो कसा? चालक क्षणभर थबकले, मग हसले. त्यांच्या हसण्याचा आम्हांला राग नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या व्यासपीठांवर वेदान्तापासून विम्यापर्यंत सर्व काही बोलून झालेले आहे. मग ॲपनेच काय पाप केले?

तरी लाल बावट्याच्या माणसाने दुकानदारीवर का बोलावे, याचे उत्तर देणे लागतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. त्या शिक्षणात एकच विषय तीस वर्षे चालू आहे. जो आपल्याला ओळखत नाही, ज्याला घरी जायची घाई आहे आणि ज्याला आजवर अनेकांनी फसवले आहे, अशा माणसाला दोन मिनिटे थांबवायचे आणि त्याच्या उपयोगाची गोष्ट त्याला पटवायची. पावती फाडण्यापूर्वी हे करावे लागते. ॲप बनवणाऱ्या एकट्या पोरापुढचा प्रश्न याहून निराळा नाही, हे आम्ही गेल्या वर्षभरात जवळून पाहिले.

आमच्या एका सभासदाचा मुलगा इथेच विठ्ठलवाडीत राहतो. कल्याण सोडल्यावर कर्जतच्या फाट्यावरचे हे पहिले स्टेशन. बाप अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला. मुलगा दिवसा एका कंपनीच्या संगणकावर बसतो आणि रात्री जेवण झाल्यावर आपले काम करतो. बापाचा पगार दर महिन्याला चारशे-पाचशेने कमी येई आणि बापाला ते सिद्ध करता येत नसे, कारण हजेरी ठेकेदाराच्या वहीत. मुलाने यावर ॲप काढले. कामगाराने रोज आपली पाळी नोंदवायची, जादा काम झाले तर तास टाकायचे, महिनाअखेर हिशेब समोर. जादा कामाला दुप्पट दर ही गोष्ट १९४८च्या कारखाना कायद्याने दिली. पण तास किती झाले हे सांगणारा कागद कामगाराच्या हाती कधी आला नव्हता. तो कागद या मुलाने खिशात आणून ठेवला.

माल चांगला होता. गिऱ्हाईक नव्हते.

ॲप बाजारात मांडायचे म्हणजे गूगलच्या पेठेत खाते उघडायचे, त्याला २५ डॉलर एकदाच. ॲपलच्या पेठेत ९९ डॉलर, तेही दरवर्षी. आमचे लोक ॲपलचे फोन वापरत नाहीत, म्हणून तो प्रश्न मिटला. परंतु गूगलने १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांसाठी एक नियम केला : ॲप सर्वांना खुले करण्यापूर्वी वीस माणसांनी सलग चौदा दिवस ते तपासायला घेतले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये विसांचे बारा झाले. मुलगा आमच्याकडे आला तो या बारांसाठी. "काका, बारा माणसे द्या." आम्ही म्हटले, अरे, १९२६च्या कायद्याने युनियन नोंदवायला सात जण पुरत होते, तुझा सावकार आमच्या सरकारपेक्षा कडक दिसतो! बारा माणसे दिली.

या बारा जणांनी चौदा दिवसांत जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. ॲप उघडताच ईमेल आणि पासवर्ड मागत होते. बारापैकी सात जण तिथेच थांबले. रात्रपाळी अकरा ते सात. ॲपच्या हिशेबाने बारा वाजता तारीख बदले आणि एका पाळीचे दोन तुकडे पडत. सुट्टीच्या बटणावर ‘अनुपस्थिती’ असा शब्द होता. एका माथाडी गड्याने विचारले, "हे कोणाचे नाव?" त्याला ‘खाडा’ हा शब्द ठाऊक, आणि खाडा म्हटल्यावर बाराही जणांना समजले. आता हे मार्केटिंग नव्हे, ही मालाची दुरुस्ती झाली, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की एकट्या कारागिराला हा भेद परवडत नाही. मोठ्या कंपनीत माल करणारा एका मजल्यावर आणि खपवणारा दुसऱ्या मजल्यावर बसतो. इथे दोघे एकाच खाटेवर झोपतात.

ॲप खुले झाले. मग मुलाने पहिला प्रयोग केला तो सर्वच करतात तो : जाहिरात. साठवलेले दोन हजार रुपये एका मोठ्या जाहिरात कंपनीच्या खात्यात भरले. चार दिवसांत चारशेवर लोकांनी ॲप उतरवून घेतले. घरात पेढे आले. महिनाअखेर पाहतो तो त्यांतले अकरा जण उरलेले. बाकीचे कोण होते? कोणी खेळ खेळताना बोट लागले म्हणून आलेला, कोणी दूरच्या राज्यातला, ज्याला मराठी वाचता येत नाही असा. पैसे बुडाले असे आम्ही म्हणणार नाही, कारण मापाची गोष्ट त्यातून कळली. आमच्या धंद्यातही हे माप आहे. हजार हँडबिले वाटली हा आकडा नवशिक्या कार्यकर्ता अभिमानाने सांगतो. जुना कार्यकर्ता विचारतो, सभेला किती आले? आणि त्याहून जुना विचारतो, तिसऱ्या महिन्याची वर्गणी किती जणांनी भरली? ॲप उतरवून घेणे म्हणजे हँडबिल घेणे. पुढच्या पगारालाही ते उघडले, तर तो सभासद.

दोन हजार संपल्यावर खरे प्रयोग सुरू झाले. गरिबीचा एवढा एक फायदा असतो.

ॲपच्या पेठेत गूगलने एक सोय ठेवली आहे. आपल्या मालाच्या पाटीचे दोन नमुने द्यावेत. काही येणाऱ्यांना एक दिसतो, काहींना दुसरा, आणि कोणत्या पाटीने जास्त लोक आत आले ते सांगितले जाते. कल्पना उत्तम. पण ज्या पाटीपुढून महिन्याला शंभर माणसे जातात, तिथे पाच-सहांचा फरक म्हणजे नाणेफेक. मोठ्या दुकानाला जे शास्त्र आहे ते छोट्या दुकानाला मटका ठरते. मग आम्ही मुलाला गेटवर नेले.

दोन रंगांचे कागद छापले. पिवळ्यावर लिहिले : ‘आपली उपस्थिती व अतिरिक्त कामाचे तास नोंदवा.’ गुलाबीवर लिहिले : ‘खाडे किती, ओटी किती, पगार बरोबर आला का?’ प्रत्येक रंगाला वेगळा क्यूआर कोड, म्हणजे कोणत्या कागदावरून कोण आला ते मुलाला घरी बसून दिसे. पहिल्या दिवशी त्याने सकाळी पिवळे वाटले, सायंकाळी गुलाबी. आम्ही विचारले, बाबा रे, गुलाबी चालला की सायंकाळ चालली? सकाळी माणूस पंच चुकेल म्हणून धावत असतो, सायंकाळी चहाला थांबतो. मग एकाआड एक वाटायला सांगितले : एकाला पिवळा, पुढच्याला गुलाबी, त्याच गेटवर, त्याच वेळी. दोनशे-दोनशे कागदांत पिवळ्यावरून नऊ आले, गुलाबीवरून एकतीस. मुलगा नाचू लागला. आम्ही म्हटले, दुसऱ्या गेटवर कर. बदलापूरच्या गेटवरही गुलाबीच पुढे राहिला, थोड्या कमी फरकाने. तेव्हा मानले.

नंतर रंग आणि शब्द तेच ठेवून फक्त दिवस बदलला. महिन्याच्या बाविसाव्या तारखेला कागद दिला तर लोक घडी करून खिशात घालीत आणि तो धोब्याकडे जाई. पगाराच्या दिवशी दिला तर कागद हातात, पगाराची स्लिप हातात, आणि मनात तोच प्रश्न. माणूस तिथेच उभा राहून फोन काढी. या एका गोष्टीने जेवढे सभासद दिले तेवढे बाकीच्या सर्व खटपटींनी मिळून दिले नाहीत. एरवी ॲप म्हटल्यावर माणूस संशयाने पाहतो, आणि का पाहू नये? फोनवरून कर्ज देणाऱ्या ॲपांनी या पट्ट्यात लोकांना काय छळले ते आपण सर्व जाणता.

आपल्या मुंबई-ठाण्याच्या लोकलने या गोष्टीचे मोठे उदाहरण पूर्वीच दिले आहे. एम-इंडिकेटर हे ॲप ज्याच्या फोनवर नाही असा प्रवासी या फाट्यावर शोधूनच काढावा लागेल. सचिन टेके या मराठी अभियंत्याने ते केले. आजचे पडद्याचे फोन सर्वांकडे नव्हते, बटणांचे जावावर चालणारे फोन होते, त्या काळी ते सुरू झाले. लोकलचे वेळापत्रक, इंटरनेट नसतानाही दिसणारे. कापड्याच्या दुकानातल्या दिनदर्शिकेसारखे ते पसरले. आम्हांला ते आमच्या डब्यातल्या एका गृहस्थाने ब्लूटूथने दिले होते. गाडी कळवा सोडून ठाण्यात शिरेपर्यंत फोनमध्ये आले. यात जाहिरातदार कोण? उशिरा धावणारी गाडीच. जिथे अडचण उभी आहे, तिथेच शेजारी उभा असलेला माणूस ‘हे बघा’ म्हणून फोन पुढे करतो. आमच्या मुलाच्या पगाराच्या रांगेत आणि लोकलच्या डब्यात हेच साम्य आहे. पुढे एम-इंडिकेटरने रिक्षाचे भाडे, मेगाब्लॉक, बसगाड्या अशा पुरवण्या जोडल्या, परंतु माणूस आत आला तो ८:१२च्या गाडीसाठी.

परदेशातलेही एक उदाहरण सांगतो. जॉश वॉर्डल नावाच्या एकट्या गृहस्थाने वर्डल हा शब्दांचा खेळ २०२१ साली लोकांपुढे ठेवला. १ नोव्हेंबरला खेळणारे ९०, आणि २ जानेवारी २०२२ ला तीन लाख. एक पैसा जाहिरातीवर गेला नाही. खेळणारे आपला निकाल रंगीत चौकोनांच्या खुणांनी मित्रांना कळवू लागले, ते पाहून त्याने ती सोय खेळातच करून दिली. लोक जे आपण होऊन करीत होते, ते त्याने सोपे केले. त्याच जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला. मात्र अशा गोष्टी ऐकून कोणी नोकरी सोडू नये. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, न लागलेल्यांचा येत नाही.

आम्हांला अधिक जवळचे वाटते ते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. ज्या माणसाचा माल इतका चोख त्यालाही दोन वर्षे! पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती मुळात कारखान्याचे गिऱ्हाईक आणि एजंट यांच्यासाठी. मालाची जाहिरात करता करता त्या घराने मराठीला एक मासिक देऊन टाकले. सांगायचे ते हे की गिऱ्हाइकाशी बोलत राहणे ही कला आपल्याकडे परकी नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या मिळवल्या, त्या काय घरी बसून मिळाल्या? अर्जातल्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, आणि रविवार हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

आता कडू भाग. आम्ही ज्याला पेठ म्हणतो ती सार्वजनिक पेठ नाही. तिला मालक आहे. शेतकरी माल घेऊन कल्याणच्या बाजार समितीत येतो, तिथे निदान समितीची निवडणूक होते. इथे अडत किती, माल कुठे मांडायचा, कोणाला बाहेर काढायचे, हे सर्व मालक ठरवतो. बराच काळ अडत ३० टक्के होती. २०२१ साली ॲपल आणि गूगल या दोघांनीही छोट्यांसाठी, वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरांपर्यंत, ती १५ टक्क्यांवर आणली. हे दयेने झाले नाही, जगभर ओरड झाली म्हणून झाले. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲपच्या पेठेतील वसुलीच्या पद्धतीवरून गूगलला ९३६ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादावरून लग्न जुळवणाऱ्या आणि नोकऱ्या लावणाऱ्या मोठमोठ्या भारतीय कंपन्यांची ॲपे पेठेतून काढली गेली, आणि सरकार मध्ये पडल्यावर काही दिवसांत परत आली. त्या कंपन्यांसाठी मंत्र्यांनी फोन उचलला. विठ्ठलवाडीच्या मुलासाठी कोण उचलणार?

यावर तरुण मंडळी म्हणतात, आम्ही कामगार नव्हे, आम्ही मालक. असतील. माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणूनच त्याला कोणताही कायदा लागू पडेना. अण्णासाहेब पाटलांनी त्या विखुरलेल्यांना एकत्र केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. म्हणजे अडत ही देवाने घातलेली नाही. एकेकटे ॲप करणारे कल्याण-डोंबिवलीत शेकड्यांनी नसले तरी पुष्कळ असावेत. ते एकमेकांना ओळखतही नाहीत. निदान बारा तपासनीस एकमेकांना उसने द्यायला तरी त्यांनी भेटावे.

खपाच्या नादात सचोटी कशी सुटते हेही पाहिले. मुलाला कोणीतरी सांगितले, पाच तारे देणारे शंभर अभिप्राय विकत मिळतात. आमच्या शेजारच्या उल्हासनगरचा जुना विनोद आपल्याला माहीत आहे : मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ लिहायचे आणि कोणी विचारलेच तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणायचे. विनोद म्हणून छान आहे. फाळणीत सर्वस्व गमावून या छावणीत वसलेल्या लोकांनी तो पोटासाठी केला असेल, तर आम्हांला त्यात दोष दिसत नाही. परंतु ज्या ॲपचा धंदाच खरा हिशेब ठेवणे हा आहे, त्याने आपले तारे खोटे मोजून कसे चालेल? ग्राहकाला बोट धरून भलत्या बटणाकडे नेण्याचे तेरा प्रकार केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी वर्ज्य केले आहेत. मुलाने ती यादी छापून टेबलावर लावली. तारे विकत घेतले नाहीत.

खरी परीक्षा दिवाळीनंतर आली. एका ठेकेदाराने मुलाला बोलावले. चहा दिला, वडिलांची चौकशी केली, आणि म्हणाला, माझी सहाशे माणसे आहेत, सगळ्यांच्या फोनवर उद्या तुझे ॲप घालतो, वर्षाचे पैसे आगाऊ देतो. अट एकच. नोंदी माझ्या संगणकावर याव्यात, आणि चूक असेल तिथे मला दुरुस्त करता यावी.

मार्केटिंगच्या भाषेत याहून मोठे यश नाही. गेटवर उभे राहून वर्षात जेवढे मिळाले नाहीत तेवढे एका चहात मिळत होते. मुलाच्या घरी भाडे थकलेले, बहिणीची फी बाकी. तो रात्री आमच्याकडे आला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, तुम्ही नको म्हणाल हे मला माहीत आहे. पण तुम्ही भाडे भरणार नाही." बोलणे खरे होते. आम्ही नको म्हटले नाही. एवढेच विचारले की गुलाबी कागदावर शेवटचा प्रश्न काय छापला आहेस? पगार बरोबर आला का? तो प्रश्न वाचून आलेल्या माणसाची वही ज्याच्याविरुद्ध ती ठेवली त्याच्याच हाती द्यायची, तर पुढच्या महिन्यात नवा कागद काय लिहून छापणार?

त्याने आठ दिवस घेतले. मग ठेकेदाराला उलट प्रस्ताव दिला : ॲप घाला, पैसेही द्या, तुमची नोंद तुमच्या रकान्यात, कामगाराची त्याच्या रकान्यात, आणि कोणाची कोणाला खोडता येणार नाही. ठेकेदार हसला आणि म्हणाला, मग मला काय उपयोग? सौदा मोडला. बहिणीची फी आमच्या पतपेढीने कर्जाऊ दिली. ते कर्ज आहे, बक्षीस नाही, आणि हप्ता चालू आहे.

आता प्रश्न किमतीचा राहिला आहे. फुकट ठेवले तर जाहिराती दाखवाव्या लागतात, आणि त्या जाहिराती कर्जाच्या ॲपांच्या असतात. ते मुलाला नको आहे. महिन्याला दहा रुपये म्हटले तर दर महिन्याला दहा रुपयांचा विचार होतो. वर्षाचे शंभर एकदम म्हटले तर ते पगाराच्या दिवशीच मागावे लागतील. आमच्या अनुभवाने वर्गणी हातात रोख घेतली तर माणूस पावती जपून ठेवतो. फोनमधून कापली गेली तर त्याला ती आठवतही नाही, आणि आठवते तेव्हा राग येतो. म्हणून या दहा तारखेला दोन गेटवर दोन कागद जाणार आहेत. एकावर महिन्याचा दर, दुसऱ्यावर वर्षाचा. एकाआड एक. वाटायला चार माणसे कमी पडत आहेत. सभा संपल्यावर ज्यांना सवड असेल त्यांनी दाराशी थांबावे. मुलगा तिथेच, कागदाचा गठ्ठा घेऊन उभा आहे.